मुंगूस, बहुमताने

३ नोव्हेंबर, सोमवार

उजवा बूट बोलतो. ही फिर्याद कोणत्या दरबारात न्यावी, कळत नाही. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मंदाने पत्नी या नात्याने बर्डीच्या बाजारातल्या सेलमधून बूट आणले. आज तलावाकाठच्या रानात पहिलं पाऊल टाकलं आणि उजव्याने 'कुई' केलं. डावा गप्प. डावा सरकारी नोकर असावा. प्रत्येक दुसऱ्या पावलाला माझी जाहीर बेअब्रू, ऐकायला मोर, टिटव्या आणि सकाळचं फिरणारं मंडळ. मंडळाच्या प्रमुख मोहरील मॅडम, झूलॉजीच्या निवृत्त प्राध्यापिका, रविवारच्या पेपरातल्या माझ्या सदरामुळे मला ओळखणाऱ्या, थांबल्या. माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही, थेट बुटाकडे बघून म्हणाल्या, "सातपुते, पक्षी उडतात याने."

बावन्न वर्षं मी बोललो तेव्हा कोणी उडालं नाही. बुटाला जमलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

जुन्या चपलांवर गेलो. पायाला थंडी, पण अब्रू शाबूत.

मंडळात मला धरून नऊजण. तलावाची पाळ, म्हणजे बांध, भोसल्यांच्या काळातली, तिच्यावरून चालणारेही साधारण त्याच काळातले. कायदा असा: पाळीपासून बांबूच्या बेटापर्यंत कोणी बोलायचं नाही. सांडव्याशी पोचलं की मॅडम विचारणार, कोणी काय पाहिलं. त्यांनी मान हलवली तर ते दिसलं. नाही हलवली तर ते कधी नव्हतंच. एवढी स्वच्छ न्यायव्यवस्था मी आजवर पाहिली नाही.

खंड्या पाहिला. निळा. बरा आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

वैरागडे हा माणूस माझ्या सदरासाठीच जन्माला घातलेला आहे. महसूल खात्यातले निवृत्त मंडळ अधिकारी. रोज हुडकेश्वरहून येतात, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, स्कूटरवर, कानाला मफलर. पूर्वी तलावाजवळच राहायचे. बायको गेल्यावर मुलाने तिकडे नेलं.

आज एका दमात: नरखेडच्या संत्र्याच्या बागेत अजगराला शेपटीला धरून बाहेर काढला. एका मंत्र्याला रानडुकरापासून वाचवलं (मंत्र्याचं नाव सांगता येत नाही, "अजून हयात आहे ना ते डुक्कर"). आणि गेल्या महिन्यात इथेच पाळीखाली बिबट्याच्या पंजाचा ठसा. तो पंजा चौकीदाराच्या कुत्र्याचा निघाला. कुत्रा स्वतः येऊन पंजाशेजारी बसला होता म्हणे.

मी विचारलं, "एवढ्या लांब कशाला येता? तिकडे रस्ते नाहीत का?"

"रस्ते आहेत ना राजेहो. पण तिकडे मले कोणी वैरागडे साहेब नाही म्हणत. तिकडे मी आर्यनचा आजोबा."

वाक्य चांगलं आहे. कुठेतरी वापरता येईल.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज न्यायदान झालं.

सांडव्याशी पोचलो तर वैरागडे (यापुढे वै.) आमच्या आधीच तिथे. धापा टाकत होते. मॅडमनी विचारायच्या आत: "पाणमांजर! खालच्या दगडावर बसून मासा खाऊन राहिलं होतं."

टिटवीसुद्धा गप्प.

मॅडम म्हणाल्या, "वैरागडे, पाणमांजर तिकडे पेंचच्या जंगलात म्हणाल तर मी ऐकेन. शहरातल्या तलावात नाही."

"मी पायलं ना मॅडम."

"केवढं होतं?"

वै. नी हात पसरले. हात पुरेनात म्हणून एक पाऊल मागे सरकले.

इथे माझ्या तोंडून निघालं, "मुंगूस असेल हो. आंघोळ करून निघालं असेल."

हशा. असा हशा की पाणकावळे उठले, आणि या वेळी मॅडमनी कोणाला दोष दिला नाही. त्याही हसत होत्या. मग कोणीतरी म्हणालं, मत घ्या. हात वर झाले. पाणमांजर, एक. मुंगूस, आठ. प्राणिशास्त्राच्या इतिहासात प्रथमच एखादा प्राणी लोकशाही मार्गाने ओळखला गेला.

मंडळाचा जुना दंड आहे. खोटी नोंद सांगेल त्याने गेटबाहेर गज्जूच्या गाडीवर सगळ्यांना तर्री-पोहे द्यायचे. वै. च्या बिबट्याचे पोहे मंडळाने हसत खाल्लेत, वै. नी हसत दिलेत. आज मात्र अडून बसले.

"बिबट्या खोटा होता. मले मालूम होतं. अजगरही खोटा. हे खरं आहे."

"दंड म्हणजे दंड, वैरागडे साहेब," मी म्हटलं.

"दंड भरला म्हणजे मी मानलं. मी नाही मानत."

पोहे न खाता गेले. स्कूटर तीनदा किक मारूनही सुरू होईना, तेवढा वेळ सगळे बघत उभे होतो. मी म्हटलं, "पाण्यात भिजली असेल." पुन्हा हशा. दिवस कारणी लागला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नाव बसलं. ओलं मुंगूस. मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर कोणीतरी टॉवेल गुंडाळलेल्या मुंगसाचं चित्र टाकलं. वै. नी खाली लिहिलं, 'पाणमांजराला शेपूट जाड असते, कृपया अभ्यास करावा.' त्याखाली सोळा हसरे चेहरे. माणसं नऊ, चेहरे सोळा.

आज वै. आले, पण मागे राहिले. सांडव्याशी एकटेच वाकून दगड बघत होते. म्हणाले, "माशाचे खवले आहेत इथे. या ना कोणी." कोणी गेलं नाही. गुडघे दुखतात सगळ्यांचे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सदर एका बैठकीत झालं. नाव नाही घातलं, त्याची गरजच नव्हती. 'आमच्या एका मित्राला निवृत्तीनंतर प्राणी दिसू लागले आहेत. नोकरीत असताना त्यांना फक्त सातबाऱ्यावरचे फेरफार दिसत. घरात कोणी ऐकत नसलं की माणूस रानात जातो. आणि रानातही कोणी ऐकत नसलं, की रानाला त्याच्यासाठी पाणमांजर व्हावं लागतं. खरं तर ते मुंगूस असतं. ओलं. बिचारं थंडीने कुडकुडत असतं, आणि एक म्हातारा त्याचं कौतुक करत असतो.'

शेवटच्या वाक्यावर स्वतःच दोनदा हसलो. 'म्हातारा' काढावा की ठेवावा, यावर बराच विचार केला. ठेवला.

मंदाने वाचलं. "तुमच्या जिभेले हाड नाही," म्हणाली. मी म्हटलं, लेखणीलाही नसतं.

"मंग एखादं बसवून घ्या ना."

२३ नोव्हेंबर, रविवार

छापून आलं. सकाळपासून फोन. शाळेतला मित्र, साडू, बँकेतले लोक. सगळ्यांना कोणीतरी आठवला. एकजण म्हणाला, हे माझ्या सासऱ्यावर आहे ना? हो म्हटलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वै. आले. वाटलं होतं तोंड फिरवतील, तर सरळ माझ्यापाशी आले आणि हात पुढे केला.

"छान लिहिलं, लेखक. सुनेनं मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरगा हसला. खूप दिवसांनी घरात सगळे एका जागी बसले."

मी म्हटलं, मनावर घेऊ नका. ते म्हणाले, नाही घेत. मग, "पण 'फेरफार' बरोबर नाही. मी कोणाचा खोटा फेरफार नाही केला कधी."

एवढं वाचून माणसाला नेमकं तेच लागावं! माझ्या विनोदाची ही पावती आहे की अपमान, ठरवता आलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

वै. नाहीत. परवाही नव्हते. मॅडम म्हणाल्या, रुसले असतील. "मुंगसं लाजाळू असतात," मी म्हटलं. हशा झाला, पण आधीएवढा नाही. विनोद दुसऱ्या आठवड्यात शिळा होतो, तर्रीसारखा मुरत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

नितीन वैरागडेचा फोन. वै. चा मुलगा. आवाज अतिशय नम्र, म्हणजे काहीतरी भयंकर सांगणार.

"काका, तुमचा लेख वाचून आम्ही खूप हसलो. मंग माझी बायको पल्लवी म्हणाली, याच्यात हसण्यासारखं काय आहे? पप्पांले खरंच भास होत असतील तर? बाहेरच्या माणसांच्या ध्यानात आलं अन् आपल्या नाही."

मी म्हटलं, अहो, मी विनोदी लिहितो.

"नाही नाही, तुम्ही बरं केलं. मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं त्यांले. कात्रण दाखवलं. डॉक्टरांलेही आवडलं."

गोळी सुरू केली. स्कूटरची चावी काढून घेतली आहे. एकटं बाहेर सोडत नाहीत. पप्पा रोज सकाळी मफलर बांधून तयार बसतात, आणि रोज म्हणतात, पाणमांजर होतं. "तेच तर लक्षण आहे म्हणून राहिले डॉक्टर. बहुतेक आता कायमच बंद करावं लागेल तिकडे येणं. तुमचे आभार मानायचे होते, काका."

मी 'अहो, त्यात काय' म्हणालो. खरंच म्हणालो. जीभ स्वतःहून सभ्य होते ती नेमकी अशा वेळी.

मंदाला सांगितलं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

सांगितलं. मंदा भाजी निवडत होती, ती निवडत राहिली. निवडलेली पुन्हा निवडली.

८ डिसेंबर, सोमवार

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू. शहरात सगळीकडे कठडे. मुंबईचे पाहुणेही सकाळी पाळीवर चालतात, मागेपुढे माणसं घेऊन. एकाने मला विचारलं, "इथे बघण्यासारखं काय?" मी म्हटलं, मुंगूस. त्याच्या माणसाने लिहून घेतलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

थंडी अशी की मंडळातलं कोणी फिरकलं नाही. मी एकटाच. घरात मंदाची शांतता होती, म्हणून लवकर निघालो होतो.

सांडव्याच्या वर उभा. पाण्यावरून वाफ. खालच्या दगडावर काहीतरी ओलं. आधी दगडच वाटला. मग दगडाने मान वळवली.

चपटं डोकं. मिशा. पुढच्या दोन पंजांत मासा धरलेला, कणीस धरून खावं तसा, डोक्याकडून. कडकड आवाज इथपर्यंत येत होता. शेपूट जाड. अंग लांब. वै. एक पाऊल मागे सरकले होते ना, बरोबर सरकले होते.

त्याने माझ्याकडे पाहिलं. घाबरलं नाही. खाणं पुरं केलं, तोंड पुसलं, आणि पाण्यात असं उतरलं की पाण्याला कळलं नाही.

फोन खिशात होता. काढला, दाबला. फोटो आला. फोटोत पाणी आहे. पाण्यावर एक वर्तुळ.

पाणमांजर. पाणमांजर. पाणमांजर. कोणासमोर म्हणायची सोय नाही म्हणून इथे लिहून घेतलं.

१३ डिसेंबर, शनिवार

मंदा: "फोटो दाखवा." दाखवला. तिने लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"हे पानी आहे."

"त्याच्याखाली ते आहे."

"वैरागडेभाऊ हेच म्हणत होते ना? तवा तुमी काय म्हणाले?"

मी म्हटलं, तेव्हा सगळेच.

"सगळ्यांचं नका सांगू मले. मुंगूस कोणाचं होतं?"

मी चहा मागितला. तिने दिला. साखर नव्हती त्यात.

१४ डिसेंबर, रविवार

आज सांगायचं ठरवून गेलो. सांडव्याशी मॅडमनी विचारलं, सातपुते, काय पाहिलं? एरवी समोर आठ तोंडं असतात, त्यातलं वै. चं नाही, म्हणजे सात. सगळी माझ्याकडे. सगळ्यांच्या ओठांवर हसू तयार होतं, कारण मी बोललो की हसायचं असतं, ही सवय मीच लावलेली.

म्हणालो, "खंड्या."

मॅडमनी मान हलवली. नोंद झाली.

परत येताना त्यांना एकटं गाठून विचारलं, समजा खरंच असेल पाणमांजर, तर? त्या म्हणाल्या, "अहो, ते तर तेव्हाच ठरलं ना!"

१७ डिसेंबर, बुधवार

हुडकेश्वरला गेलो. नवं घर, नव्या फरशा, अजून वास जायचा आहे. वै. दिवाणावर. मफलर बांधलेला. गोळीने जरा जड झालेत. मला बघून उठायला गेले, नितीनने खांद्याला धरून बसवलं.

"काका, आता खूप फरक आहे," नितीन म्हणाला. "पप्पा, सांगा काकांले. तलावावर काय होतं ते?"

"मुंगूस," वै. म्हणाले.

"कसं?"

"ओलं."

पल्लवीने चहा ठेवला. "आता स्वतःहून म्हणतात, काका. डॉक्टर म्हणाले, सगळ्यात चांगली खूण." नितीन म्हणाला, "सोमवारपासून चावी देतो त्यांले. असंच राहिले तर." वै. नी चावीकडे पाहिलं. ती टीव्हीच्या वर खिळ्याला लटकत होती, घरातल्या कोणालाही दिसेल अशी.

मी माझं सत्य घेऊन सोफ्यावर बसलो होतो. ते बोललो असतो तर काय झालं असतं, हे नितीनच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. वै. पुन्हा पाणमांजर म्हणू लागले असते आणि चावी खिळ्यावरच राहिली असती. नाही बोललो तर माणूस सुटतो. फक्त त्याला आयुष्यभर मुंगूस म्हणावं लागेल. एवढा नीटनेटका फास मी सदरातही कधी विणला नव्हता.

नितीनला फोन आला, तो अंगणात गेला. पल्लवी आत. मी सरकलो. कानाशी म्हटलं, "वैरागडे साहेब, मी पाहिलं. शुक्रवारी. त्याच दगडावर."

त्यांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. मग ओठ न हलवता:

"मिशा होत्या?"

"होत्या."

"मासा कुठून खाऊन राहिलं होतं?"

"डोक्याकडून."

डोळे मिटले त्यांनी. वाटलं, आता रडणार. मी पेल्यात बघू लागलो. आतून भांड्याचा आवाज आला. वै. नी डोळे उघडले आणि स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले:

"अहो लेखक, मुंगसालेही मिशा असतातच ना!"

आतून पल्लवी हसली. "बघा," ती म्हणाली, "किती छान बोलून राहिले."

निघताना दारापर्यंत आले. नितीन शेजारीच उभा. माझा हात धरून ठेवला त्यांनी, गरजेपेक्षा जास्त. म्हणाले, "आता नका लिहू त्याच्यावर काही. चांगलंही नका लिहू."

१९ डिसेंबर, शुक्रवार

रविवारचं सदर खड्ड्यांवर लिहिलं. खड्ड्यांना घर नसतं, मुलगा नसतो, सून नसते.

२२ डिसेंबर, सोमवार

वै. आले. स्कूटरवर, एकटे. मंडळाने टाळ्या वाजवल्या. "या, ओलं मुंगूस या!" सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. मॅडमनी संत्रं सोलून दिलं.

पाळीवर चालताना माझ्या पुढे होते. तलाव डाव्या हाताला, मान उजवीकडे. बांबूच्या बेटापर्यंत एकदाही वळली नाही. सांडव्याशी मॅडमनी विचारलं, वैरागडे, आज काय?

"काही नाही दिसलं मॅडम."

मी आल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच काही पाहिलं नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही. अजगर, डुक्कर, मंत्री, सगळे गेले. मी बोलू का, असं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बारीक मान हलवली. नको म्हणून, की मफलर टोचत होता म्हणून, मला सांगता येत नाही.

मग म्हणाले, "उद्या माझे दंडाचे पोहे. त्या दिवशीचे राहिले आहेत. सगळ्यांनी या."

मंडळ खूष. मॅडम म्हणाल्या, शेवटी मानलं म्हणायचं.

रात्री मंदाला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "दंड भरू देसान त्यायले?"

२३ डिसेंबर, मंगळवार

गुडघ्याचं निमित्त सांगून मी पाळीवरून आधी उतरलो. गेटबाहेर गज्जू कढई पुसत होता. त्याला नऊ प्लेटचे पैसे दिले. म्हटलं, वैरागडे साहेब द्यायला आले तर घेऊ नको. पैसे आले म्हणून सांग. कोणाकडून ते नको सांगू.

"दंडाचे का, साहेब?"

"हो."

"कोण खोटं बोललं या टायमाले?"

"मी."

"तुमी? काय पायलं होतं तुमी?"

"मुंगूस."

गज्जू पोह्यांत झारा फिरवायचा थांबला. "मुंगूस तर इथं रोजच दिसते ना साहेब. त्याच्यात खोटं काय आहे?"

तर्री जरा जास्त टाक, म्हटलं.

मंडळ पाळीवरून उतरताना दिसत होतं. हसत, एकामागे एक. वै. सगळ्यांत मागे. सांडव्याच्या वर थांबले होते. पाण्याकडे बघत होते की मफलर सारखा करत होते, एवढ्या लांबून कळलं नाही.